खेळाडूंचा आत्मविश्वास मैदानावर घडू द्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की तालुक्याच्या मैदानांवर एक वाक्य हमखास कानी पडते : 'घाबरू नकोस, आत्मविश्वास ठेव.' सातारा जिल्ह्यातील ग्रामीण शाळांमध्ये क्रीडाशिक्षक म्हणून काम करताना मीही ते असंख्य वेळा उच्चारले आहे. नुसत्या सांगण्याने मुलांची भीती जात नाही, हे मला एका विद्यार्थिनीमुळे उमगले.

आठवीतली ही मुलगी सरावात लांब उडीत चार मीटरच्या पुढे सहज जायची. तालुका स्पर्धेत मात्र उडी घेण्याच्या फळीपुढे पाऊल पडल्याने तिचे तिन्ही प्रयत्न फाऊल, म्हणजे बाद झाले. तिसऱ्यांदा लाल निशाण वर गेले तेव्हा ती खड्ड्यातल्या वाळूत तशीच बसून राहिली. मी फळीजवळ उभा राहून धीर देत होतो, पण आपले पाऊल कुठे पडणार हेच तिला ठाऊक नव्हते आणि ते मी तिला कधी शिकवलेही नव्हते. पुढच्या आठवड्यापासून आम्ही टेप घेऊन तिची पंधरा पावलांची धाव मोजली, सुरुवातीच्या जागी फक्कीची खूण केली आणि प्रत्येक उडीनंतर पाऊल फळीच्या किती मागे वा पुढे पडले, हे तिने स्वतः वहीत लिहायचे ठरवले. 'चार बोटे मागे', 'दोन बोटे पुढे' अशा नोंदींनी वही भरत गेली. समोरून वारा असेल तर खूण थोडी पुढे घ्यायची, हे तिचे तिलाच समजू लागले. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी तिने स्वतःच टेप अंथरली, खूण केली आणि मी काही बोलण्याआधीच धावायला सुरुवात केली.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये नेमके हेच मांडले होते. 'हे मला जमेल' हा विश्वास सर्वांत अधिक स्वतः काहीतरी जमवल्याच्या अनुभवातून येतो. आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमलेले पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि छातीतल्या धडधडीचा आपण लावतो तो अर्थ, या बाबीही त्याला हातभार लावतात. आपल्याकडे मात्र सारा भर धीर देण्यावरच असतो.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेचे उदाहरण मुलांना सांगताना आपण फक्त पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक सांगतो. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत वैयक्तिक अंतिम फेरीत तो आघाडीवर होता आणि 7.6 गुणांच्या एकाच चुकलेल्या नेमामुळे चौथा आला, हेही सांगायला हवे. तोच नेमबाज पुढच्याच वर्षी सातव्या क्रमांकाने अंतिम फेरी गाठून 451.4 गुणांसह पदक घेऊन आला. कुस्तीगीर खाशाबा जाधवही 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकला सहावे आले होते आणि हेलसिंकीचे कांस्य त्यांना 1952 मध्ये मिळाले. हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची ही मधली वर्षे मुलांना समजली पाहिजेत, कारण एका पराभवानंतर खेळ सोडणारी मुले मी दर हंगामात पाहिली आहेत.

अडचण अशी आहे की आपली रचनाच या अनुभवाच्या आड येते. शारीरिक शिक्षणाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो. खो-खो, कबड्डीचा संघ पहिल्याच सामन्यात हरला की त्या मुलांची वर्षभराची स्पर्धा अर्ध्या तासात आटोपते, आणि मग जिंकण्याचा सोडाच, दडपणाखाली खेळण्याचाही सराव त्यांना मिळत नाही. दहावीच्या सवलतीच्या गुणांकडे डोळे लावून बसलेले पालक तर निकालाखेरीज काही विचारत नाहीत.

म्हणून शिक्षण आणि क्रीडा विभागांना माझी विनंती आहे की तालुका स्पर्धेच्या आधी शेजारच्या चार-पाच शाळांचे साखळी पद्धतीचे सराव सामने भरवावेत. त्यासाठी मैदान, फक्की आणि शिट्टी एवढे पुरते. शारीरिक शिक्षणाचा तास अन्य विषयांना देण्यास मनाई असावी. आणि मैदानी स्पर्धांत ज्यांचे तिन्ही प्रयत्न फाऊल झाले, त्यांना स्पर्धा संपल्यावर निकालात न धरता एक उडी मारू द्यावी आणि तिचे अंतर मोजून त्यांच्या हाती लिहून द्यावे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कराड