सुमे, आधी हाताचं बघ

मालवण

प्रिय सुमे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. रात्री बोटं बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, आणि करंगळीला मात्र काही नाही म्हणतेस, तर अगं, हे माझ्यासारखं नाही, उगाच माझे व्यायाम कॉपी करू नकोस. माझं दुखणं अंगठ्याच्या बाजूला मनगटात, डी क्वेर्व्हेन म्हणतात, १८९५ साली ते लिहून ठेवणाऱ्या स्विस सर्जनचं नाव. अंगठ्याचे दोन टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, तिथे एका अरुंद नळीतून जातात, ती जाड झाली की तिथे घासायला लागतात. खानावळीचे नारळ रोज खवायचे म्हणजे डाव्या-उजव्या हाताने भकल, म्हणजे अर्धा नारळ, घट्ट धरून मनगट सारखं वळवायचं, आणि उरलेल्या वेळात त्याच अंगठ्याने मोबाइलवर बुकिंग! अंगठा मुठीत घालून मनगट करंगळीकडे वाकव म्हणाले डॉक्टर, जीव गेला नुसता.

पट्टा बांधून हात गप्प ठेवला की दुखणं शांत होतं गो, पण पट्टा काढून एकदम पूर्वीएवढं काम केलं की परत येतंच, कारण टेंडनला रक्तपुरवठा कमी, बरं व्हायला वेळ लागतो आणि नुसत्या आरामाने ताकद येत नाही. म्हणून फिजिओने व्यायामात उचलायचं वजन हळूहळू वाढवत नेलं. काम करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर कालचं जास्त झालं, हा हिशोब मला सगळ्यात उपयोगी पडला. नारळ आता मशीनवर खवते, सासूबाईंना चव वेगळी लागते म्हणे, लागू दे.

तुझं मात्र कार्पल टनेलसारखं वाटतंय, मनगटातली मीडियन नर्व्ह नावाची नस दाबली जाते ते. झोपेत मनगट दुमडतं, दाब वाढतो. ऑर्थोला दाखव, नसेची टेस्ट सांगतील कदाचित, आणि शुगर-थायरॉइड पण करून घे, त्यांच्यामुळेही होतं. अंगठ्याखालची गादी बारीक दिसायला लागली किंवा हातातून कप सुटायला लागला तर मात्र आधी हातातलं प्रोजेक्ट संपू दे, मग बघू वगैरे नको, तेव्हा लगेच जा.

रात्री मनगटाला बांधायचा स्प्लिंट, म्हणजे कडक पट्टा, ऑनलाइन मागवू नकोस, दुकानात घालून बघ, मनगट सरळ राहिलं पाहिजे आणि मूठ पूर्ण मिटली पाहिजे. टेस्ट झाली की रिपोर्टचा फोटो टाक.

तुझी,
मंगल