आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: यादीत नाव आणि रोजचं इंजेक्शन

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,

सादर नमस्कार.

मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. भाचीच्या रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून काढली की वरचं सीरम दुधासारखं पांढरं दिसतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १५०च्या आत हवं. तिचं हजारावर जातं, म्हणजे स्वादुपिंडाला सूज येण्याची टांगती तलवार. आणि मुलगी दिसते कशी? दंडाच्या शिरा टरारलेल्या, पोटऱ्या पैलवानाच्या. ‘जिमला पाठवता का हिला?’ असं विचारणारे सोसायटीत आहेतच.

तिला जन्मजात लायपोडिस्ट्रॉफी आहे. अंगावर चरबी जवळजवळ नाही, म्हणून चरबीतून निघणारं लेप्टिन हार्मोनही नाहीच्या बरोबर. मग पोट भरल्याचा निरोप मेंदूला जाणार कसा? चौथी पोळी संपली तरी तिची नजर डब्यावर. बहीण डबा उचलून वर ठेवते, आणि मग दोघीही बराच वेळ बोलत नाहीत. चरबीला साठायला हक्काची जागा नसल्याने ती यकृतात शिरते, मधुमेह इन्सुलिनला दाद देत नाही.

लेप्टिनचा शोध १९९४ साली लागला. त्याचं प्रयोगशाळेत बनवलेलं रूप, मेट्रेलेप्टिन, जपानने २०१३ मध्ये, अमेरिकेने २०१४ मध्ये आणि युरोपने २०१८ मध्ये मंजूर केलं. पथ्य सांभाळून रोज एक इंजेक्शन. (वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांची हल्ली फॅशन आहे, म्हणून सांगते: साध्या लठ्ठपणावर हे द्यायचं नसतं.) औषध निर्धोक नाही. त्याच्याविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, लिम्फोमाचा, म्हणजे लसिकासंस्थेच्या कर्करोगाचाही इशारा आहे. त्यामुळे ते जाणत्या डॉक्टरच्या नजरेखालीच हवं.

आता मुद्द्याचं. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या औषधांवरचं मूळ सीमाशुल्कही १ एप्रिल २०२३ पासून माफ आहे, पण धोरणाच्या यादीतल्या आजारांपुरतंच. म्हणजे सगळा खेळ यादीतल्या नावावर. लायपोडिस्ट्रॉफीचं नाव तिथे निःसंदिग्ध शब्दांत असावं, यासाठी राज्याने केंद्राकडे लेखी आग्रह धरावा. शिवाय औषध जन्मभराचं आणि मदतीला कमाल मर्यादा, हे गणित जमत नाही. मर्यादा संपल्यावर पुढे काय, हेही त्याच पत्रात विचारा.

राज्याच्या हातातलं एक काम तर मुंबईहूनच होईल. परदेशातून औषध मागवायला फॉर्म १२ए भरावा लागतो, त्याला डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन जोडावं लागतं. ससूनमध्ये आठवड्यातून एक दिवस एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर), आहारतज्ज्ञ आणि हे कागद करून देणारा एक माणूस एकत्र बसवा. लिपिड प्रोफाइल आणि यकृताच्या तपासण्या तिथेच मोफत होऊ देत. पुढच्या अधिवेशनाआधी यावर आदेश निघावा, ही विनंती.

आपली,
एक मावशी, पुणे