हायड्रोफोनपासून अँटेनापर्यंत

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

गाईडने तुझा विषय बदलून वायरलेसचा दिला आणि सोनारवरचं, म्हणजे पाण्याखालच्या वस्तूंचा आवाजाने वेध घेणाऱ्या यंत्रणेवरचं, सगळं काम वाया गेलं, असं तू म्हणालीस. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

आरोग्यस्वामी पॉलराज तुला मायमोमुळे, म्हणजे अनेक अँटेनांतून एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी वेगवेगळे संदेश पाठवण्याच्या तंत्रामुळे, माहीत आहेत. पण ते मूळचे नौदलाचे इंजिनिअर, बी.ई. आपल्या लोणावळ्याच्या नौदल कॉलेजातलं. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी पाणबुडीने दीवजवळ आपली युद्धनौका 'खुकरी' बुडवली. शत्रूची पाणबुडी वेळेत हेरेल असं सोनार आपल्याकडे नव्हतं. पॉलराजांनी उमेदीची वर्षं त्या कामाला दिली आणि कोचीत 'अ‍ॅपसोह' सोनार उभं केलं. १९९१ मध्ये कमोडोर म्हणून निवृत्त होऊन ते स्टॅनफर्डला थॉमस कैलाथांकडे गेले. कैलाथ म्हणजे तिथले प्राध्यापक, पुण्यात वाढलेले, आपल्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, सीओईपीचे. पॉलराज तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते, आणि वायरलेसमध्ये नवखे!

तिथे एकाच फ्रिक्वेन्सीवरचे दोन सिग्नल सुटे करण्याचे प्रयोग चालले होते. पॉलराजांच्या लक्षात आलं की ट्रान्समीटर अगदी शेजारी असले, तरी आजूबाजूला परावर्तन भरपूर असेल तर सिग्नल सुटे होतात. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. माझी नोकरी मायक्रोवेव्ह लिंकवर, म्हणजे एका टॉवरवरून समोरच्या टॉवरवर रेडिओलहरींनी संदेश पाठवण्यात, गेली. आमच्यासाठी परावर्तन म्हणजे वैरी. दुसऱ्या वाटेने आलेली लहर पहिलीला मारायची, फेडिंग व्हायचं, म्हणजे सिग्नल क्षीण व्हायचा. म्हणून आम्ही टॉवरवर खाली आणखी एक डिश लावायचो आणि दोन्हींतला जो सिग्नल चांगला, तो घ्यायचो. दोन अँटेना हाताशी असूनही त्यांतून दोन वेगळे संदेश एकाच वेळी पाठवावेत, हे कुणाच्या मनात आलं नाही. आमच्या सरळ नजरेच्या लिंकवर ते साधलंही नसतं म्हणा, कारण दोन्ही वाटा जवळपास सारख्याच. मिसळलेले संदेश सुटे करायला वाटांच्या मॅट्रिक्सचा व्यस्त काढावा लागतो, तो निघणार कसा? भिंती, इमारती, डोंगर लहरींना विखुरतात, तेव्हाच प्रत्येक संदेशाची खूण वेगळी होते.

१९९२ मध्ये पॉलराज आणि कैलाथ यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. सुरुवातीला बऱ्याच जणांना ते पटलं नाही. आज वायफाय आणि फोर-जी त्यावर चालतात.

आता तुझं बघ. हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनच्या, रांगेवर आवाज कुठल्या दिशेने आला हे काढताना तू जी कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (रांगेतल्या सिग्नलांचा एकमेकांशी संबंध दाखवणारा तक्ता) मांडलीस, तीच अँटेनांच्या रांगेवर मांडायची आहे. वेग आणि तरंगलांबी बदलतील, चॅनेल फार लवकर पालटेल, ते शिकावं लागेल. पण उथळ पाण्यात पृष्ठभाग आणि तळ यांवरून उसळणाऱ्या आवाजाशी तू झुंजली आहेस. मल्टिपाथ, म्हणजे एकच लहर अनेक वाटांनी येणं, तुला पुस्तकातून शिकायला नको.

तेव्हा सोनारवरच्या तुझ्या प्रकरणांची एक प्रत गाईडसमोर ठेव आणि विचार, यातलं किती जसंच्या तसं वापरता येईल. ते काय म्हणतात ते मला सविस्तर कळव, समीकरणांसकट.

तुझे,
बाबा