डबर नेमकं कुठे जाणार आहे?

इंग्लंड
रविवार सकाळ

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले की बाथरूमच्या फरशा उखडून झाल्या, भिंतीचा गिलावाही पाडला आणि डबराच्या 60-70 गोण्या गेटपाशी रचून ठेवल्यात. मिस्त्रींनी टेम्पोवाला ठरवलाय. "तो टाकेल कुठंतरी, तुम्ही काळजी करू नका." फोन ठेवला, पण ते 'कुठंतरी' काही डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसले. त्याआधी तुम्हाला आजवर न सांगितलेली एक गोष्ट सांगायला हवी.

गेल्या वर्षी आम्ही घर बदललं तेव्हा जुना सोफा आणि गादी काढून टाकायची होती. इथल्या कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या महापालिकेसारखंच समजा, पैसे भरले की मोठं सामान घरून उचलून नेतात. पण तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळत होती आणि आम्हाला घाई होती. एक व्हॅनवाला कमी पैशांत त्याच दिवशी न्यायला तयार झाला. त्याला रोख पैसे दिले, सामान गेलं, मीही विसरून गेले.

दीड महिन्यानं कौन्सिलचं पत्र आलं. सामान गावाबाहेर एका शेताच्या कडेला सापडलं होतं, आणि सोबत दिलेल्या खोक्यात आमच्या पत्त्याचा एक लिफाफा निघाला होता. मी जे झालं ते खरं सांगितलं. पावती आहे का? नाही. गाडीचा नंबर? नाही. कचरा वाहून न्यायचा त्याचा परवाना तपासला होता का? तोही नाही. मग दंड झाला, आणि तो योग्यच होता असं मला आजही वाटतं.

इथे 1990 चा पर्यावरण कायदा आहे. त्यात घरातला कचरा आपण कुणाच्या हाती देतो याची खातरजमा करणं ही घरात राहणाऱ्याचीच जबाबदारी मानली आहे. परवाना असलेल्यांची सरकारी यादी कुणालाही घरबसल्या बघता येते, दोन मिनिटांचं काम. ते न करता सामान दिलं तर 600 पौंडांपर्यंत दंड. जो उघड्यावर टाकतो त्याला 1000 पौंडांपर्यंत, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर पाच वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. पण आई, दंडापेक्षा मला तो फोटो लागला. त्यांनी चौकशीत दाखवला होता. माझ्या बाळंतपणाला आली होतीस तेव्हा छकुलीला मांडीवर घेऊन तू ज्या सोफ्यावर बसायचीस, तो चरात उताणा पडला होता, चिखलानं माखलेला. शेत त्या शेतकऱ्याचं, घाण आमची. उचलायचा खर्च त्याच्या माथी.

म्हणून त्या टेम्पोचं मनावर घेतेय. आपल्याकडे असं काही नसतं, असं म्हणू नका बाबा. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे वेगळे नियम केंद्र सरकारनं 2016 मध्येच केले, आणि 2025 मध्ये ते नव्यानं जाहीर केले. ज्याच्या घरातून डबर निघालं त्यानंच ते वेगळं साठवायचं आणि ठरवून दिलेल्या जागी पोचवायचं. रस्त्यावर, गटारात, नाल्यात टाकायचं नाही. मिस्त्रींनी परस्पर व्यवस्था केली तरी त्या गोण्या आपल्याच घरातल्या आहेत.

आणि 'कुठंतरी' म्हणजे कुठे, ते तुम्हालाही माहीत आहे. आपल्या नाशिकच्या नासर्डी नदीच्या पुलावरून जाताना आपण सगळ्यांनी पाहिलंय, काठावर विटांचे तुकडे, फुटक्या टाइल्स, सिमेंटच्या फाटक्या गोण्या. हे काही कुजत नाही. पात्र दोन्ही बाजूंनी आवळत जातं, आणि पावसाळ्यात पाण्याला जायला वाट राहत नाही, मग ते वस्तीत शिरतं. 2016 चा आणि 2019 चा ऑगस्ट आठवतोय ना? गोदावरीच्या पुराचं पाणी काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं, हे आपण दर तासाला एकमेकांना विचारत होतो. नासर्डी पुढे टाकळीला गोदावरीलाच मिळते. आपलं डबर त्या पाण्यात नको.

कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर तर मुळीच टाकू देऊ नका. डबराच्या ढिगात पोकळ्या राहतात, त्यात उंदीर-घुशी बिळं करतात, आणि कचऱ्याच्या पिशव्या शेजारीच पडलेल्या असल्यामुळे त्यांना खायलाही तिथेच मिळतं. फुटक्या कमोडमध्ये, बेसिनमध्ये पावसाचं स्वच्छ पाणी साचतं. डेंग्यूच्या डासाला तेच लागतं, आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार. इथे 1949 पासून कायदा आहे, जागेवर उंदीर झाले तर ते हटवायचं काम जागेच्या मालकाचं किंवा ती वापरणाऱ्याचं. आमच्या मागच्या अंगणात झाले होते तेव्हा आलेल्या माणसानं औषध ठेवायच्या आधी पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे बंद करायला लावले आणि कोपऱ्यातली लाकडं हलवायला लावली. खाणं आणि आडोसा राहिला तर औषधाचा उपयोग नाही, म्हणाला. ते मला अगदी पटलं.

आता काय करायचं ते सांगते. अख्ख्या निघालेल्या फरशा आणि जुना दरवाजा वेगळा काढा, कुणीतरी आनंदानं नेईल. विटा-गिलाव्याचा भराव जवळपास कुणाचं बांधकाम चालू असेल तर त्यांना लागतो, पण ते स्वतः हो म्हणाले तरच द्या. उरलेल्यासाठी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जाऊन डबर कुठे स्वीकारतात ते विचारा. घंटागाडीत ते घालू नका. रंगाचे डबे आणि जुन्या ट्यूबही ओल्या-सुक्या कचऱ्यात नको, त्या घातक कचऱ्यात वेगळ्या द्यायच्या. टेम्पोवाल्याचा नंबर लिहून घ्या आणि गोण्या कुठे उतरवल्या त्याचा फोटो मागा. तो जास्त पैसे मागेल, कारण लांब जावं लागेल. ते मी पाठवते. इथेही गेल्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या फरशा काढल्या तेव्हा मी कौन्सिलच्या केंद्रावर स्वतः घेऊन गेले. 50 लिटरच्या दोन पिशव्या एका फेरीत, चार आठवड्यांत चार फेऱ्या, एवढं फुकट घेतात.

एक राहिलं. मिस्त्रींचं ते कटर मशीन. शेजारच्या काकांची नुकतीच बायपास झाली आहे, दुपारी दोन ते चार बंद ठेवायला सांगा. इथे असा आवाज बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सहापर्यंतच, शनिवारी दुपारी एकपर्यंत, रविवारी अजिबात नाही. रात्रीच्या आवाजाचा नियम मात्र इथे अकराला सुरू होतो आणि आपल्याकडे दहाला, हे मला इथे आल्यावर कळलं. नाशिक ढोल ऐकून वाढलेली मी, ढोल मला अजून हवाहवासा वाटतो, पण घरात आजारी माणूस असलं की मशीनचा आवाज फार लागतो.

छकुली आता भाजीची देठं, सालं स्वतः छोट्या डब्यात टाकते. आजोबा काय करतात, असं काल विचारत होती.

टेम्पो मंगळवारी येणार म्हणालात. सोमवारी रात्री फोन करते, तोवर गोण्या हलवू देऊ नका.

तुमची,
मनू