चाल ऐकवणारा आवाज

गिरगाव, मुंबई
७ जून

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

फोनच केला असता, पण तू फोनवर नुसता 'हं, हं' करतोस आणि रेंज गेली म्हणून ठेवून देतोस. म्हणून पत्र. वहिनींना वाचून दाखवायला हरकत नाही, एक-दोन ओळी गाळून. कुठल्या ते तुला कळेलच.

चाळ रिकामी करायची तारीख अखेर लागली. गेल्या पंधरवड्यात माळा उतरवला. आईची जुनी पंचांगं, एक हात नसलेली आरामखुर्ची, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आपल्या कॅसेटी. त्यात कॅरोल किंग या अमेरिकन बाईचा 'टॅपेस्ट्री' हा गाण्यांचा अल्बम. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून आणलेला. (ते दुकानही २०१६ साली बंद झालं.) तू एक बाजू ऐकलीस आणि निकाल दिलास, "बाईला गळा नाही." मीही मान डोलावली. तुझ्यासमोर दुसरं काय करणार होतो!

त्याच डब्यात आणखी एक कॅसेट निघाली. वर तुझ्या अक्षरात, 'चाली. पुसू नये.' तिच्याकडे येतोच.

टेपरेकॉर्डरचा पट्टा लोंबला होता, तो लॅमिंग्टन रोडवरून बदलून आणला आणि रात्री सामानाच्या खोक्यांत बसून 'टॅपेस्ट्री' दोन्ही बाजूंनी ऐकला. बारा गाणी. बंड्या, तुझं म्हणणं खरं होतं, पण आपण त्याचा अर्थ उलटा लावला. तिला गायिकेचा गळा नाही. तो चाल बांधणाऱ्याचा गळा आहे.

तू पेटी पुढ्यात ओढून एकांकिकेसाठी चाल ऐकवायचास तेव्हा काय व्हायचं आठव. आवाज वर गेला की फाटायचा, श्वास नको तिथे तुटायचा, पण गाणं कुठे वळतंय, शब्दावर कुठे रेंगाळायचं, ते स्वच्छ कळायचं. मग तेच गाणं शिकलेल्या गळ्याची मुलगी गायची, टाळ्या पडायच्या, आणि आपण दोघं विंगेत गप्प. काहीतरी निसटलेलं असायचं. सुरात तर काही चूक नसायची, त्यामुळे बोलताही यायचं नाही.

ही बाई दहा वर्षं तेच करत होती. न्यूयॉर्कमध्ये नवऱ्याने, म्हणजे जेरी गॉफिनने, शब्द लिहायचे, हिने पियानोवर चाल बांधायची आणि गाणं दुसऱ्याच्या हवाली करायचं. १९६० साली शिरेल्स या मुलींच्या चमूने त्यांचं 'विल यू लव्ह मी टुमॉरो' गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेव्हा हिचं वय अठरा, पदरात काही महिन्यांची लेक, नवरा रसायनांच्या कंपनीत नोकरीला. गायकांना ऐकवायला ती स्वतःच्या आवाजात साधं रेकॉर्डिंग करून द्यायची. तिकडे त्याला डेमो म्हणतात. ल्यू अ‍ॅडलर ती ज्या प्रकाशन कंपनीसाठी गाणी बांधायची तिथेच कामाला होता. तो तिचे डेमो जपून ठेवायचा. पुढे 'टॅपेस्ट्री'चा निर्माता तोच झाला, आणि त्याने ठरवलं की रेकॉर्ड त्या डेमोसारखीच वाजली पाहिजे, बाई तुमच्यासमोर पियानोवर बसून गातेय अशी. म्हणजे बघ, जे आपण विंगेत हरवायचो ते या माणसाने मुद्दाम राखून ठेवलं.

१९७१ च्या जानेवारीत हॉलीवूडच्या ए अँड एम स्टुडिओत हे झालं. तोवर काडीमोड झालेला, दोन मुली घेऊन ती लॉस एंजेलिसला आलेली, आदल्या वर्षीचा तिचा पहिला अल्बम फारसा कोणी विचारला नव्हता, आणि लोकांसमोर गायची धास्ती. तेच शिरेल्सचं गाणं तिने इथे परत घेतलंय, लय बरीच संथ करून. मागे जेम्स टेलर आणि जोनी मिचेल हे दोन गायक हलक्या आवाजात. अठराव्या वर्षी बांधलेल्या गाण्यात एक मुलगी विचारते, उद्याही माझ्यावर प्रेम करशील ना? अठ्ठाविसाव्या वर्षी ती तेच विचारते तेव्हा उत्तर तिला माहीत असतं. चाल तीच आहे रे. मी दोनदा मागे नेऊन ऐकलं.

शेवटचं 'नॅचरल वूमन' १९६७ साली अरीथा फ्रँकलिन गाऊन बसलेली. तिच्यापुढे उभं राहायची हिंमत कोण करेल? ही करतेच, पण स्पर्धा करत नाही. नुसता पियानो आणि बास हे खर्जाचं तंतुवाद्य. शब्द पहिल्या नवऱ्याचे आणि बास वाजवतोय दुसरा नवरा, चार्ल्स लार्की. (ही ओळ गाळ.) गळ्याने अरीथाच मोठी, त्यात वाद नाही. पण अरीथा ऐकताना मी चकित होतो आणि हिचं ऐकताना खोलीत कोणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं.

सगळंच काही सोनं नाही. 'स्मॅकवॉटर जॅक' नावाचं बंदूकबाजीचं एक गाणं मध्येच घुसलंय, ते मी पुढे ढकलतो. 'व्हेअर यू लीड'मधली बाई तू नेशील तिथे येते म्हणते. तिने स्वतःच ते गायचं पुढे सोडलं, आणि बऱ्याच वर्षांनी शब्द बदलून लेकीबरोबर मायलेकींचं गाणं म्हणून गायली. हे मात्र वहिनींना नक्की वाच.

बाकी कौतुक जगाने केलंच. पंधरा आठवडे अमेरिकेत पहिला क्रमांक, १९७२ साली चार ग्रॅमी पुरस्कार. पण मला मजा कव्हरची वाटते. खिडकीत अनवाणी बसलीय, हातात स्वतः भरलेला कशिदा, पुढे उशीवर मांजर. एवढी खपलेली रेकॉर्ड, आणि फोटो शेजारीण दुपारी बसते तसा.

आता तुझी कॅसेट. नऊ चाली आहेत. तिसरीत नळाला पाणी आल्याचा आवाज येतो आणि आई ओरडते, "बादली लाव रे!" तू काळी एकच्या सुरात तसाच पुढे गातोयस. पाचवी तीच, जी स्पर्धेत आपण त्या मुलीकडून गाऊन घेतली आणि बक्षीसही आणलं. तुझ्या आवाजात ती वेगळीच आहे. अंतऱ्याआधी तू थांबतोस, बहुधा भाता मारायला, आणि तेवढ्या थांबण्याने पुढची ओळ अंगावर येते. स्पर्धेत तो थांबा आपणच काढून टाकला होता. "ताल सुटतोय" असं मी म्हणालो होतो, हेही मला आठवतंय. माझं चुकलं.

पाचव्या चालीला तिसरा अंतरा नाहीये. तू 'ला ला' करून संपवलंयस. कुठे लिहून ठेवला असशील तर शोध, आणि नसशील तर लिही. या वेळी गायला कोणाला बोलवायचं नाही.

कॅसेट कुरिअरने पाठवत नाही, विश्वास नाही. गणपतीला कुडाळला येईन तेव्हा हातात घेऊन येईन. तुझ्याकडे चालू टेपरेकॉर्डर आहे का, ते कळव. नाहीतर माझाच घेऊन येतो. पेटीचा भाता मात्र तू आधीच दुरुस्त करून घे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मन्या