खंडूची ताटली

पुणे,
३० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बुधवारी चंपाषष्ठीला फोनवर बोलताना आई, तू भरीत कसे झाले, रोडगे किती केले, तळी भरायला आळीतले कोण कोण आले, हे सगळे सांगितलेस. आणि शेवटी "कुत्र्याचा रोडगा कुंपणाच्या भिंतीवर ठेवला, कावळ्यांनी नेला" एवढे म्हणून घाईघाईने फोन बाबांच्या हाती दिलास. बाबा, तुम्हीही मग वाईतल्या थंडीबद्दल आणि कृष्णेच्या पाण्याबद्दलच बोलत राहिलात. चौदा चंपाषष्ठ्या तो रोडगा खंडूच्या ताटलीत पडत आला होता, आणि यंदा ती ताटली अंगणात नव्हती, याविषयी तिघांपैकी कोणालाही काही बोलता आले नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ऑगस्टमध्ये मी दुसऱ्या कुत्र्याचा विषय काढला होता, तेव्हा "आता आमच्यामागे त्याचे कोण?" असे विचारून बाबांनी तो मिटवला. तो प्रश्न रास्त होता, आणि त्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते म्हणून मी गप्प बसले. आज उत्तर आहे. परंतु ते देण्याआधी मला मोतीविषयी थोडे लिहायचे आहे, कारण आपल्या घरात त्याचे नाव १९८९ नंतर कोणी फारसे घेतलेच नाही.

मी नऊ वर्षांची होते. मोती आपल्याकडे अवघे दोन महिने होता, तरी त्याच्या पोटावरचा गुलाबी रंग आणि तोंडाला येणारा दुधाचा वास मला अजून आठवतो. एका सकाळी त्याने खाणे सोडले, दुपारी उलट्या सुरू झाल्या, रात्री रक्ताचे जुलाब, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. तो पार्व्हो होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगाला प्रथम माहीत झाला आणि थोड्याच काळात देशोदेशी पसरला. पिल्लांच्या आतड्यांवर तो घाला घालतो आणि अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की त्यावरची लस सुरू करून, चार महिन्यांचे होईपर्यंत तिचे डोस पुरे करायचे असतात, हे आज कोणीही सांगेल. त्या काळी आपल्या आळीत कुत्र्याला लस देतात हे कोणाच्या कानावर नव्हते. बाबा, तुम्ही मात्र तो दोष स्वतःच्या माथी घेतला. मोतीला पुरल्यावर तुम्ही अंगणातली वीतभर माती खणून काढली, चुनकळी पसरली, आणि त्यानंतर बावीस वर्षे आपल्या फाटकातून कुत्रे आत आले नाही. मी हट्ट केला की तुम्ही म्हणायचात, "पुढच्या वर्षी बघू." माझे शिक्षण झाले, लग्न झाले, तुम्ही सेवानिवृत्त झालात, तरी ते पुढचे वर्ष आले नाही. या बावीस वर्षांची आठवण मी मुद्दाम देत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

मग २०११ ची चंपाषष्ठी आली. रोडगा घालायला कुत्रे शोधत बाबा फाटकाबाहेर गेले आणि परत आले ते हातात पिल्लू घेऊन. आई, तू देवघरासमोरून उठलीसुद्धा नाहीस. "खंडोबानेच पाठवला आहे, आज खाऊ घाल आणि उद्या सोडून ये," असे तू म्हणालीस, आणि त्या वाक्यातच त्याचे नाव ठरून गेले. तुझ्या अटी मला पाठ आहेत: स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, सोवळ्याच्या वेळी मधल्या खोलीत यायचे नाही, पलंगावर तर नाहीच नाही. उंबऱ्याची अट त्याने जन्मभर पाळली. पुढचे दोन्ही पंजे उंबऱ्याच्या काठाला टेकवून तो तासन्‌तास तुझ्याकडे बघत बसे. पलंगाची अट मोडली ती तूच, तुझ्या गुडघ्यांचे दुखणे वाढले त्या हिवाळ्यात. तो पायांशी निजला की शेक मिळतो, असे तू सांगायचीस. त्या शेकापलीकडे तिथे आणखी काय होते हे मला आणि बाबांना दिसत होते, आणि तुला विचारून अवघडवायचे नाही असे आम्ही परस्पर ठरवले होते.

त्याच्या खोड्या आठवल्या की आजही माझे मन भरून येते. कुरडयांसाठी शिजवलेला चीक त्याने परातीतून खाल्ला होता आणि दुपारभर दात एकमेकांना चिकटल्यासारखे तोंड हलवत बसला होता. सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्या अकरा पाहुण्यांची एकेक चप्पल त्याने जिन्याखालच्या आपल्या गोणपाटावर नेऊन ठेवली होती. चावली एकही नाही, फक्त सगळ्यांच्या मध्ये झोपला. जायला निघालेल्या पाहुण्यांना तो जणू थांबवून घेत होता, असे बाबा म्हणाले होते, आणि मला ते पटते. कारण मी पुण्याला परत निघाले की माझी पिशवी उचलली जाण्याआधी तो तिच्यावर जाऊन बसे.

त्याच पूजेच्या प्रसादाची हकिगत आठवते का? शिऱ्यातले बेदाणे त्याच्या पोटात गेले, आणि गुरांच्या डॉक्टरांनी ते ऐकताच त्याला उलटी करवून दोन दिवस सलाईन लावले. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, आणि कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, हे आपल्याला तेव्हा कळले. आई, त्या दिवसापासून तू त्याची भाकरी वेगळ्या तव्यावर करू लागलीस आणि भाजी फोडणीला टाकण्याआधी त्याच्या वाटणीच्या दुधीच्या फोडी बाजूला काढू लागलीस. बाबांचे लसीचे वेळापत्रकही असेच कडक होते. लहानपणी गावी कुत्रे चावल्यावर त्यांना पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती. तरीही कुत्र्याविषयी त्यांच्या मनात राग राहिला नाही, राहिली ती फक्त दक्षता. रेबीजची लस शोधणाऱ्या लुई पाश्चर यांची पुण्यतिथी, २८ सप्टेंबर, हा जागतिक रेबीज दिन आहे असे वाचल्यापासून बाबांनी खंडूच्या वार्षिक लसीला तोच दिवस नेमला आणि एकदाही चुकवला नाही. कॅलेंडरवर तुमच्या औषधांच्या नोंदींशेजारी त्याच्या जंताच्या औषधाची आणि गोचीड-प्रतिबंधक थेंबांची तारीख असायची.

पहाटे गणपती घाटावर जाणारी तुमची दोघांची जोडी तर साऱ्या आळीला परिचयाची झाली होती. बाबा ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन येईपर्यंत तो घाटाच्या पायरीवर, नदीकडे पाठ आणि देवळाकडे तोंड करून बसे. माझ्या लहानपणी बाबांनी मला नामदेवांची गोष्ट सांगितली होती: कुत्रे भाकरी घेऊन पळाले आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी भाकरी त्याच्या घशात अडकू नये म्हणून. ती गोष्ट मी तेव्हा नुसती ऐकली होती. बाबांना वाकून, पाठीला हात लावून, त्याच्या भाकरीवर चमचाभर दूध ओतताना पाहिले तेव्हा ती मला समजली.

आता जुलैमधल्या त्या रात्रीविषयी लिहिते. हे लिहिल्यावाचून पुढची विनंती करण्याचा मला अधिकार नाही.

त्याचे पाणी पिणे वाढले होते, अंगणात लघवीला वारंवार जात होता, तोंडाला उग्र वास येऊ लागला होता. तपासणीत दिसले तोवर मूत्रपिंडांचा बहुतेक भाग निकामी झालेला होता; या आजाराची लक्षणे दिसू लागतात तीच मुळी असा मोठा भाग गेल्यानंतर. बाबा, शहात्तराव्या वर्षी तुम्ही मानेजवळची कातडी चिमटीत धरून तिच्याखाली सलाईन द्यायला शिकलात आणि पाच आठवडे रोज ते देत राहिलात. सहाव्या आठवड्यात त्याला झटके येऊ लागले. संध्याकाळी तुमचा फोन आला. डॉक्टर म्हणतात आता त्याला सोडवावे, तू काय म्हणतेस, असे तुम्ही विचारलेत, आणि मी म्हणाले, "मी येईपर्यंत थांबा." त्या क्षणी मी केवळ माझा विचार केला. पावसाने खंबाटकी घाटात वाहने खोळंबली होती. सुरूर फाट्यावरून वळून मी घरी पोहोचले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आणि डॉक्टरांना पहाटेपर्यंत येता येणार नव्हते. संध्याकाळीच संपू शकले असते ते दुखणे त्याने आणखी एक रात्र सोसले, आणि तुम्ही दोघांनी ते डोळ्यांदेखत पाहिले. मला पाहून त्याने शेपटी एकदा हलवली. पहाटे आईच्या मांडीवर डोके ठेवून, पहिल्या सुईने शांत झोपून आणि दुसरीने कायमचा, तो गेला. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. पारिजातकाखाली खड्डा खणून झाल्यावर आई, तू उलट मलाच चहा करून दिलास. त्या रात्रीबद्दल मी तुम्हा दोघांची क्षमा मागते. खंडूची मागायची राहून गेली.

अशा रात्रीनंतर पुन्हा तेच का, हा प्रश्न तुमच्या मनात असणार. मला सोनीविषयी सांगू द्या.

आमच्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या आजी सप्टेंबरात वारल्या. सात वर्षांपूर्वी फाटकाशी राहणारी एक गावठी कुत्री त्यांनी घरात घेतली होती, तीच ही सोनी. निर्बीजीकरण करून सोडलेल्या कुत्र्यांच्या कानाला असते तशी खाच तिच्या कानाच्या टोकाला आहे. आजींचा मुलगा परदेशी असतो आणि त्याला तिला नेणे शक्य नाही. गेले दोन महिने ती माझ्याकडे आहे. पहिले अकरा दिवस ती आजींच्या बंद दाराशी बसून राहिली, बोलावले तर यायची, खायची आणि पुन्हा खाली जाऊन बसायची. आता ती माझ्या खोलीत झोपते. पण आम्ही दोघे सकाळी नऊला बाहेर पडतो ते संध्याकाळी सातला परततो, आणि तेवढा वेळ ती एकटी दाराकडे तोंड करून असते, हे मला शेजाऱ्यांकडून कळते. जिला दिवसभर माणसाच्या पायांजवळ बसायची सवय आहे तिला असे ठेवणे मला सहन होत नाही.

तुमच्याकडे पिल्लू आणण्याच्या मी विरोधात आहे, हेही सांगून ठेवते. पिल्लू पायांत येते, पट्टा ओढते, आणि आईच्या गुडघ्यांना नि बाबांच्या हृदयाला तसला हिसका नको. सोनी नऊ वर्षांची, म्हणजे माणसाच्या हिशेबाने पन्नाशी ओलांडलेली आहे. ती संथ चालते, जिन्यावर मागे वळून आपल्यासाठी थांबते, आणि तिचे वजन चौदा किलो आहे. रेबीजची व इतर लसी झाल्या आहेत, रक्ततपासणी मी मागच्या आठवड्यात करून घेतली, मूत्रपिंडे चांगली आहेत. यापुढे वर्षातून दोनदा ती तपासणी करायची, ती जबाबदारी माझी; त्यासाठी मी स्वतः येईन.

आणि बाबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर: तुमच्यामागे तिची मी आहे. तुमच्यापैकी कोणाला बरे नसेल, दवाखान्यात राहावे लागेल किंवा नुसता कंटाळा आला, तरी एक फोन करा. त्याच दिवशी मी निघेन, आणि या वेळी "थांबा" म्हणणार नाही. जावयांशी बोलून ठरवले आहे, आणि तुमच्या समाधानासाठी हे असे लिहूनही देत आहे. मोतीनंतर आपण बावीस वर्षे थांबलो. त्या वेळी तुम्ही चाळिशीत होता. इतके थांबणे आता तुम्हालाही परवडणारे नाही आणि सोनीलाही नाही, हे लिहिताना माझा हात जड झाला आहे, तरीही लिहिते.

१४ डिसेंबरला, रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास मी तिला घेऊन येते. दोन दिवस आम्ही दोघी राहू. मंगळवारी निघताना ती माझ्याबरोबर परत येणार की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवा. नाही म्हणालात तर मला वाईट वाटेल, पण मी रुसणार नाही. तिला ज्वारीची भाकरी आवडते, फटाक्यांची भीती वाटते, आणि पहाटे पाचला ती जागी असते.

आई, खंडूची ताटली तू फेकलेली नाहीस. जुन्या पितळी भांड्यांच्या गोणीमागे, माळ्यावर, कागदात गुंडाळून ठेवली आहेस. दिवाळीत फराळाचे डबे उतरवताना मी ती पाहिली आणि तशीच परत ठेवली. शिडीवर तू चढू नकोस. बाबांनाही चढू देऊ नकोस. मी आल्यावर काढीन, तू फक्त ती चिंचेने घासून दे.

तुमची,
चिऊ