‘भांबावलेपणाने’ कशाला?

महोदय,

अपघातातून वाचलेला तरुण ‘भांबावलेपणाने रस्त्यावर फिरत होता’, अशी वाक्ये बातम्यांत हल्ली वरचेवर दिसतात. ‘भांबावून’ एवढ्याने भागत असताना ‘पणाने’चे शेपूट कशाला? धातूला ‘ऊन’ लागला की क्रियाविशेषणाचे काम होऊन जाते.

छटाही नीट पाहायला हव्यात. एसटीतून स्वारगेटला उतरलेला पाहुणा भुयारी मेट्रोच्या पाट्यांकडे बघत भांबावून उभा राहतो. कुठे जावे तेच त्याला सुचत नाही. तोंडी परीक्षेत येत असलेले उत्तर चुकते ते गांगरून, तिथे धास्ती असते. बावचळून माणूस भलतेच काही करून बसतो, चष्मा फ्रीजमध्ये ठेवतो वगैरे. (आमच्या घरी हे नेहमीचेच!) धडकेनंतर फूटपाथवर नुसता बसून राहिलेला माणूस मात्र सुन्न झालेला असतो. त्याला सरसकट ‘गोंधळलेल्या अवस्थेत’ म्हटले, तर बातमीदाराने नेमके काय पाहिले ते वाचकाला कळणार कसे?

दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पुण्यातलाच. उपसंपादकांनी तो अधूनमधून उघडावा, ही विनंती.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे